बंद पडलेला संगणक आणि कारखान्याची दुरुस्ती

संगणक हें विजेवर चालणारें यंत्र आहे, आणि यंत्र म्हटलें कीं तें केव्हां ना केव्हां बिघडावयाचेंच. आमच्या शाळेच्या कचेरींतील मेजावरचा संगणक ४ जुलै २०२४ रोजीं सकाळीं बंद पडला, तो २९ ऑगस्टला पुन्हां सुरू झाला. मध्यंतरीं छप्पन्न दिवस गेले. त्या अवधींत जें शिकावें लागलें, तें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

यंत्राचें बटण दाबतांच आंतला पंखा फिरे, पुढचा दिवा लागे, परंतु पडदा काळाच राही. अशा वेळीं घाबरून जाऊं नये. एकेक शक्यता क्रमानें काढून टाकीत जावें. प्रथम पडदाच खराब आहे काय, हें दुसऱ्या संगणकाचा पडदा लावून पाहिलें. तो दोष नव्हता. मग विजेची दोरी बदलली. त्यानंतर भिंतींतील वीज तोडून, यंत्राचा लोखंडी सांगाडा हातानें शिवून, रॅमची पट्टी खांचेंतून काढून पुन्हां नीट बसविली. सांगाड्यास हात लावण्याचें कारण असें कीं, आपल्या अंगावर सांचलेली स्थिर वीज नाजूक भागांस मारक होते. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दांत कांहीं लोक खोडरबरानें घांसतात. मला विचाराल तर कोरडें मऊ फडकें पुरे. हमीच्या मुदतींतील यंत्र उघडण्यापूर्वीं तितकें करण्यास मोकळीक आहे कीं नाहीं, हें कारखान्याच्या पुस्तिकेंत पाहून घ्यावें. आमच्या पुस्तिकेंत होती.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. संगणक सुरू होतांच तो आधीं स्वतःचीच परीक्षा घेतो: रॅम आहे काय, पडद्याचें मंडल ठीक आहे काय, इत्यादि. त्यांत दोष आढळल्यास पडद्यावर लिहिण्याची सोय नसल्यामुळें पुष्कळ यंत्रें लहानशा कर्ण्यांतून पीं-पीं असा आवाज काढतात, आणि तो आवाज किती वेळां व किती लांब झाला यावरून दोषाची जागा कळते. ही सांकेतिक भाषा प्रत्येक कारखान्याची निराळी असते. आमचें यंत्र मात्र अगदीं मुकें होतें.

उरले वीजपेटी आणि मदरबोर्ड, म्हणजे ज्या मोठ्या पाटीवर सर्व भाग बसविलेले असतात ती. वीजपेटी घरांतील २३० व्होल्टची वीज घेऊन आंतील भागांस १२, ५ व ३.३ व्होल्टची वीज पुरविते. ती घरीं कोणीहि उघडूं नये. दोरी काढल्यावरहि तिच्या पोटांतील कपॅसिटरांत बराच वेळ जबर व्होल्टची वीज सांठून राहते, व ती प्राणावर बेतूं शकते.

कपॅसिटर हा शब्द आलाच आहे, तर थोडें विषयांतर करितों. शास्त्रीय मराठींत यास धारित्र म्हणतात. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी, त्यांमध्यें द्रवानें भिजलेला कागद, आणि भोंवतीं बंद डबी, अशी एका जातीची रचना असते. इ. स. २००० नंतरच्या कांहीं वर्षांत तयार झालेल्या अशा असंख्य डब्यांतील द्रव सदोष निघाला; त्यापासून वायु उत्पन्न होऊन डब्यांचीं डोकीं फुगूं लागलीं, फुटूं लागलीं, व जगभरचे संगणक अकालीं बंद पडले. डेल या अमेरिकन कंपनीनें अशा सदोष भागांपायीं होणाऱ्या दुरुस्त्यांसाठीं २००५ सालीं ३० कोटी डॉलर बाजूला काढल्याचें जाहीर केलें होतें. आमच्या प्रयोगशाळेंतील एका जुन्या यंत्राचें झांकण काढून पाहिलें, तर फुगलेल्या डब्यांची रांगच मीं स्वतः पाहिली आहे. उष्णतेनें ही झीज वाढते. साधारण हिशेब असा कीं, तपमान १० अंशांनीं उतरलें तर अशा कपॅसिटराचें आयुष्य दुप्पट होतें. सबब यंत्राच्या जाळीवर धूळ बसूं देऊं नये, आणि तें भिंतीस चिकटवून ठेवूं नये. अलीकडील पाट्यांवर पुष्कळ ठिकाणीं द्रवाऐवजीं घन पदार्थाचे कपॅसिटर असतात, त्यामुळें हा रोग कमी झाला आहे. असो.

यंत्रास तीन वर्षांची हमी होती व दोनच वर्षें झालीं होतीं. त्याच दिवशीं तक्रार नोंदविली. नवव्या दिवशीं, १३ जुलैला, कारागीर आला. मोठा सभ्य तरुण. त्यानें अर्ध्या तासांत मदरबोर्ड गेल्याचें सांगितलें, नवा आठ दिवसांत येईल म्हणाला, आणि जातां जातां असें बोलला कीं, वरून हुकूम आल्यास डिस्कहि बदलावी लागेल, व बदललेली जुनी डिस्क आम्ही घेऊन जातों. हें वाक्य ऐकून माझ्या पोटांत गोळा आला.

कारण त्या डिस्कवर आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांची सूची होती. तीन वर्षें सुटींत बसून मीं ती तयार केली होती. रजिस्टरांत मुलें दाखल होण्याच्या तारखेच्या क्रमानें असतात, नांवाच्या क्रमानें नव्हे. शिवाय जुन्या काळीं आडनांवाच्या जागीं पुष्कळदां गांवाचें नांव किंवा नुसतें बापाचें नांव आहे. सूचींत या सर्वांची सांगड घातली होती. आणि नेमका त्या जुलै महिन्यांत एक मुलगा आजोबांच्या नोंदीचा उतारा मागावयास आला होता. इतर मागासवर्गाच्या दाखल्यास १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. मुलास महाविद्यालयांत प्रवेश हमीपत्रावर मिळाला होता, आणि मुदत चालली होती. आम्हीं दोन शनिवार शिपाईबुवांसह रजिस्टरें चाळलीं, नांव सांपडलें नाहीं. दुसरी प्रत कां ठेवली नव्हती, असें वाचक विचारतील. त्यास उत्तर नाहीं. उद्यां करूं म्हणून राहिलें, हेंच खरें.

इकडे आठाचे पंधरा दिवस झाले. २२ जुलैला चौकशी केली तेव्हां तक्रार ‘बंद’ झाल्याचें कळलें. ग्राहकाशीं संपर्क होऊं शकला नाहीं असा शेरा होता. त्यांचे फोन दुपारीं वर्ग चालू असतांना येत, आणि त्या वेळीं आमचा फोन कपाटांत असतो. तक्रार पुन्हां नोंदली गेली, पण नव्या क्रमांकानें, आणि दिवसांची मोजणी त्यांच्या दफ्तरीं पुन्हां एकापासून सुरू झाली. यांतील मेख लक्षांत घ्यावी: तक्रार जुनी असली तरी क्रमांक नवा असल्यास ती नवीच दिसते. म्हणून पहिला क्रमांक, पहिली तारीख, कोण बोलला, काय बोलला, हें एका वहींत लिहून ठेवावें, व प्रत्येक पत्रांत पहिल्या क्रमांकाचा उल्लेख करावा. २ ऑगस्टला पाटी आली, ती दुसऱ्याच नमुन्याच्या यंत्राची.

५ ऑगस्टला मीं सविस्तर पत्र लिहिलें. रागाचा एकहि शब्द त्यांत नव्हता. वहींतील तारखा उतरविल्या, आणि दोनच मागण्या केल्या: पाटी किती तारखेस येणार तें लेखी कळवावें, आणि तोंपर्यंत डिस्क आमच्या हातानें काढून ठेवण्यास लेखी परवानगी द्यावी. दोन दिवसांत परवानगी आली. फोनवर महिनाभर जें झालें नाहीं तें एका पानानें झालें.

डिस्क काढून विज्ञान-शिक्षकांच्या संगणकास जोडली. तिनें अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागितली! पुष्कळ नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद केलेला असतो. विंडोजमधील या व्यवस्थेस बिटलॉकर म्हणतात. रोजची किल्ली मदरबोर्डावरील एका चिपेंत जपून ठेवलेली असते. पाटी मेली कीं किल्ली गेली. नवी पाटी बसविली तरी तिच्यापाशीं ती नसते. मग उपयोगी पडते ती ही अठ्ठेचाळीस अंकी राखीव किल्ली, आणि ती बहुधा यंत्र प्रथम सुरू करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत असते. आमचें यंत्र ज्या लेखनिकांनीं सुरू केलें, ते २०२३ सालीं निवृत्त होऊन गांवीं गेले होते. त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. तरी ९ ऑगस्टला त्यांच्या पत्नीनें खातें उघडून सहा-सहा अंकांचे आठ गट फोनवर मला वाचून दाखविले. यांत गणिताची एक गंमत आहे: प्रत्येक गटास ११ नें निःशेष भाग जातो. चौथ्या गटास जाईना. ‘‘वहिनी, चौथा गट पुन्हां एकदां वाचतां का?’’ असें विचारल्यावर एका अंकाची चूक निघाली. सम व विषम स्थानांच्या बेरजांची कसोटी आठवींत शिकवितों, ती अशी कामास आली.

सूची उघडली. आजोबा गांवाच्या नांवावर नोंदलेले होते. रजिस्टरांतील तें पान कडेनें कसरीनें खाल्लें होतें, परंतु नोंद शाबूत होती. १२ ऑगस्टला मुलास उतारा दिला.

कायद्याविषयीं थोडें सांगतों. २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अमलांत आला असून १९८६ चा कायदा त्यानें रद्द झाला. स्वतःच्या उपयोगासाठीं घेतलेल्या वस्तूंत दोष असेल, किंवा हमीप्रमाणें दुरुस्ती न करणें यासारखी सेवेंत उणीव असेल, तर आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं, आणि पांच लाख रुपयांपर्यंत दिलेल्या किंमतीच्या वस्तूस शुल्क नाहीं. त्यापूर्वीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा सल्ला घेतां येतो. आम्हांस तिकडे जावें लागलें नाहीं.

२९ ऑगस्टला तोच तरुण कारागीर योग्य पाटी घेऊन आला. जुनी डिस्क बसवून यंत्र सुरू करतांच पडद्यावर पुन्हां तोच अठ्ठेचाळीस अंकांचा प्रश्न उभा राहिला. त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं खिशांतून कागद काढून दिला. सूचीच्या आतां तीन प्रती आहेत: एक कचेरींत, एक मुख्याध्यापकांच्या कपाटांत, एक माझ्या घरीं. चौथी कागदावर छापून बांधावयास दिली आहे.