अफूची गोळी, डॉक्टरांची चिठ्ठी

गर्दुल्ला म्हटलं की पुलाखाली पन्नीवर धूर ओढणारा माणूस आठवतो. अमेरिकेतली ओपिऑइडची, म्हणजे अफूच्या जातीतल्या औषधांची साथ मात्र दवाखान्यातून सुरू झाली. 1996 मध्ये पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. औषध शरीरात सावकाश सुटतं, म्हणून व्यसनाचा धोका कमी, असं डॉक्टरांना पटवलं गेलं. लोक गोळी चुरडून सगळा डोस एकदम घेऊ लागले.

गैरसमज : दुखणं खरं असेल तर व्यसन लागत नाही.
याला आधार म्हणून वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं ते 1980 सालचं, एका वैद्यकीय नियतकालिकातलं पाच वाक्यांचं पत्र. होय, पत्र! अशी औषधं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी व्यसन जडलं फक्त चौघांना, असं त्यात होतं. पण ते सगळे इस्पितळात दाखल असलेले रुग्ण. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. 2007 मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला.

गैरसमज : गोळ्या आवरल्या की प्रश्न मिटला.
गोळ्या मिळेनाशा झाल्यावर अनेकजण हेरॉइनकडे वळले. 2013 नंतर बेकायदा फेंटॅनिल आलं, मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट जहाल. 2022 या एका वर्षात ओपिऑइडच्या अतिमात्रेने 80,000 हून अधिक माणसं गेली.

गैरसमज : फेंटॅनिलला हात लागला तरी माणूस दगावतो.
नाही. कोरडी पूड कातडीतून इतक्या वेगाने रक्तात जात नाही. या भीतीपायी बेशुद्ध माणसाला हात लावायला लोक कचरतात, नुकसान होतं ते तिथे.

गैरसमज : मेथाडोन देणं म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावणं.
मला हा समज सगळ्यांत जीवघेणा वाटतो. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या ओपिऑइड औषधांच्या ठरावीक मात्रेने तलफ आवरते, माणूस कामाला जाऊ शकतो आणि उपचार चालू असेतो मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. नुसतं कोंडून सगळं बंद केलं तर शरीराची सवय मोडते, ओढ मात्र राहते. बाहेर आल्यावर जुनीच मात्रा घेतली की श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच फार धोक्याचे.

थांबत चाललेला श्वास नाकात फवारलेलं नॅलोक्सोन काही मिनिटांत परत आणू शकतं. 2023 पासून अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय मिळतं.