मे महिना खड्ड्यात!

आमचे दाजी धुळ्याला असतात. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, आता निवृत्त. रोज दुपारी अंगणातला पारा वहीत टिपण्याचे त्यांचे वेड जुने. त्या आकड्यांचा आलेख पडद्यावर काढणारा प्रोग्रॅम त्यांनी तरुणपणी टर्बो सीमध्ये लिहिला होता. बोरलँड कंपनीची ही टर्बो सी 1987 साली निघाली. तिच्याबरोबर चित्रे काढण्याच्या तयार आज्ञांचे भांडार मिळे. त्याला म्हणतात लायब्ररी! मराठीचा मास्तर तिथे पुस्तक शोधायला गेला, तर हात हलवीतच परतायचा.

पडद्याची मोजणी डाव्या कोपऱ्यात वरून सुरू होते आणि खाली वाढत जाते. त्यामुळे पहिल्या खेपेस मे महिन्यातला 45 अंशांचा पारा खड्ड्यात गेला आणि जानेवारी डोंगरावर चढला! खानदेशात हे कोण खरे मानील? मग दाजींनी प्रत्येक उंची 479 मधून वजा केली. ओळी 480, पण मोजायच्या शून्यापासून; म्हणून 479.

पुढे नवा संगणक आला. त्याच्या 64 बिटांच्या विंडोजमध्ये तो जुना प्रोग्रॅम उघडेचना. "पायथॉनमध्ये नव्याने लिहा," असा सल्ला सगळ्यांनी दिला. पण आलेखकागदावर एकेक बिंदू पडताळून पक्की केलेली ती आकडेमोड दाजींना टाकवेना. त्यांची मुलगी शिकायला जळगावला आमच्याकडे असते. ती म्हणाली, "मामा, आज्ञांची नावं तीच ठेवून आतली यंत्रणा बदलता येते." ग्विडो गोंझातो या इटालियन गृहस्थांची एसडीएल-बीजीआय ही लायब्ररी नेमकी तशी आहे. मोडी कागद बालबोधीत उतरवावा तसे हे. शब्द तेच, अक्षर नवे. (राजवाडे ज्या धुळ्यात 1926 साली वारले, त्या धुळ्याला हे मी काय सांगावे!)

सुट्टीत आम्ही दोघे धुळ्याला गेलो. भाचीने पडद्यावर मोठी खिडकी उघडली, तर आलेख वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. गुन्हेगार तेच 479! जिथे जिथे असे ठाम आकडे होते, तिथे तिने खिडकीलाच तिचे माप विचारणारी आज्ञा घातली.

पूर्वी 640 ठिपक्यांत 365 दिवस कोंबायचे. दिवसाला पुरते दोन ठिपकेही नाहीत. आता एकच महिना पडदाभर पसरला, आणि 2003 च्या जूनमध्ये फूटपट्टीने ओढल्यासारखी एक रेघ दिसली.

"बाबा, हे चार दिवस असे कसे?"

दाजींनी वही काढली. पान कोरे.

"तू झालीस तेव्हाचे. मी दवाखान्यातच होतो."

"मग मोजलंच नाही ते जोडलं कशाला?"

"तेव्हा इतकं दिसत नव्हतं गं."

भाचीने त्या जागी 'लाइनटू' खोडून 'मूव्हटू' लिहिले. मूव्हटू म्हणजे लेखणी उचलून पुढच्या बिंदूवर ठेवणे.