बांधकाम कंपन्यांमध्ये ‘बीआयएम’ प्रणालीचा स्वीकार : प्रश्न संगणकाचा की कराराचा?

प्रस्तावना :

इमारतीचे नकाशे संगणकावर काढले जाऊ लागले त्याला आता बराच काळ लोटला आहे. तथापि संगणकावरील रेषा ही शेवटी रेषाच असते. ती भिंत आहे की सांडपाण्याची नळी, हे पाहणाऱ्यानेच ओळखावे लागते. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात बीआयएम या प्रणालीत मात्र भिंत ही भिंत म्हणूनच नोंदविली जाते. तिची जाडी, साहित्य, परिमाण व तिला लागून असणाऱ्या घटकांशी तिचे नाते ही माहिती त्रिमितीय प्रतिमानातच साठविलेली असते. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ च्या सुमारास या विचाराची मांडणी केली होती. म्हणजे कल्पना पन्नास वर्षांची आहे. तरीही आपल्याकडील मध्यम व लहान कंपन्यांत ‘बिम’ म्हणताच अनेकांना तुळईच आठवते. हे असे का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लाभ कोणाचा, खर्च कोणाचा?

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह एका निवासी इमारतीच्या कामाला भेट दिली असता, नुकत्याच पूर्ण झालेल्या तुळईला सांडपाण्याच्या नळीसाठी भोक पाडण्याचे काम चालू होते. वास्तुविशारदाचा नकाशा बरोबर होता, संरचना अभियंत्याचाही बरोबर होता; दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून कोणी पाहिलेच नव्हते. बीआयएममध्ये असा छेद काँक्रीट ओतण्यापूर्वीच पडद्यावर दिसतो. लाभ इतका उघड असताना कंपन्या मागे का राहतात?

याचे उत्तर खर्चाच्या वाटणीत सापडते. सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, जास्त क्षमतेचे संगणक आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा भार कंत्राटदार व सल्लागार यांच्यावर पडतो. चुका टळल्याचा फायदा मुख्यतः मालकाच्या पदरात पडतो. सर्वात कमी दराच्या निविदेला काम देण्याची जेथे रीत आहे, तेथे हा खर्च दरात धरणारा कंत्राटदार स्पर्धेतूनच बाद होतो. शिवाय, स्पष्ट बोलायचे तर, नकाशातील त्रुटींतून निर्माण होणाऱ्या जादा बाबी हे काही कंत्राटदारांचे उत्पन्नाचे साधनच असते. त्रुटी आधीच दाखविणारे साधन त्याने स्वखर्चाने का विकत घ्यावे?

सिंगापूरचा अनुभव :

सिंगापूरच्या बिल्डिंग अँड कन्स्ट्रक्शन अथॉरिटीने ही गाठ दोन्ही टोकांनी सोडविली. २०१० मध्ये तिने प्रशिक्षण, सल्ला, सॉफ्टवेअर व संगणक यांवरील खर्चाचा काही भाग उचलणारा निधी सुरू केला. सक्ती त्यानंतर, आणि तीही टप्प्याटप्प्याने आली. २०१३ पासून २०,००० चौ. मी. पेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पांचे वास्तुनकाशे, २०१४ पासून अभियांत्रिकी नकाशे आणि २०१५ पासून ५,००० चौ. मी. पेक्षा मोठ्या प्रकल्पांचे सर्व नकाशे बीआयएम स्वरूपात सादर करणे बंधनकारक झाले. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथील सरकारने २०११ च्या बांधकाम धोरणात मालक या नात्याने घोषित केले की, केंद्रीय शासकीय कामांत २०१६ पर्यंत ही प्रणाली वापरावीच लागेल. दोन्ही ठिकाणी कंपन्यांना तयारीसाठी काही वर्षे मिळाली, हे लक्षात घेतले पाहिजे.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

महामेट्रोने नागपूर मेट्रो प्रकल्पात त्रिमितीय प्रतिमानास वेळापत्रक व खर्च जोडणारे ‘पंचमितीय’ बीआयएम वापरले. पण मेट्रोचे उदाहरण जिल्ह्याच्या ठिकाणच्या कंत्राटदाराला फारसे उपयोगी नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ किंवा बी-२ नमुन्यातील निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराला मोबदला मिळतो तो मोजमाप झालेल्या बाबींचा. म्हणून प्रतिमान तयार करणे ही परिमाण पत्रकातील स्वतंत्र, देयकास पात्र अशी बाब असावी, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. हे झाल्याशिवाय कार्यशाळा कितीही घेतल्या तरी प्रमाणपत्रांपलीकडे काही साधणार नाही.

खाजगी विकासकाबाबत स्थिती थोडी निराळी आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आलेले संरचनात्मक व कारागिरीचे दोष विकासकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. भिंतीत कोणती नळी कोठून गेली आहे, याची विश्वसनीय नोंद त्यामुळे त्याच्याही हिताची ठरते. अशा कंपनीने सर्व खात्यांत एकदम बदल करू नये. एका इमारतीत संरचना व नळकाम एवढीच दोन प्रतिमाने जुळवून पाहावीत, त्यात किती छेद सापडले व ते कामावर सापडले असते तर तोडफोडीस काय खर्च आला असता, याचा हिशेब लिहून ठेवावा. संचालकांना पटेल असा पुरावा तोच होय.

एक बाब मात्र सुरुवातीसच करारात नमूद असावी. प्रतिमान व स्वाक्षरी केलेला कागदी नकाशा यांत तफावत आढळल्यास ग्राह्य कोणता, आणि प्रतिमानातील चुकीस जबाबदार कोण? हे ठरलेले नसेल तर कामावरील अभियंता कागदच प्रमाण मानतो आणि प्रतिमान कार्यालयातील संगणकातच राहते.