नाण्याच्या मागच्या बाजूला गेलेला सम्राट

यरुशलेमच्या मंदिरात येशूला कोंडीत पकडायला काही मंडळी आली. कैसराला कर द्यावा की देऊ नये, एवढंच सांगा म्हणाली. द्या म्हणावं तर करापायी पिचलेले लोक बिथरणार, देऊ नका म्हणावं तर रोमन सुभेदार उचलून नेणार. येशूने एक नाणं मागवलं (त्याच्या स्वतःच्या कनवटीला ते नसावं, याची मला नेहमी गंमत वाटते) आणि विचारलं, यावर तोंड कोणाचं? कैसराचं, असं उत्तर आलं. मग ज्याचं त्याला देऊन टाका आणि देवाचं देवाकडे जाऊ द्या, अशा अर्थाचं बोलून त्याने विषय मिटवला. ते नाणं बहुधा तिबेरियस कैसराचा चांदीचा दिनार असावं. त्यावर तिबेरियसचा चेहरा आणि भोवती तो दिव्य ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख असे.

आता साडेसहाशे वर्षं ओलांडून त्याच साम्राज्याच्या नव्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये या. गादीवर दुसरा जस्टिनियन आहे. सन ६९० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या टांकसाळीतून सोन्याचं एक नाणं पडलं. जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद, वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. शतकानुशतकं ज्या बाजूला सम्राटाचं तोंड असायचं तिथे आता भलताच चेहरा होता. लांब केस, दाढी, डोक्यामागे क्रूस, आशीर्वादाला उचललेला उजवा हात, डाव्या हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ. भोवती लॅटिन लेख: येशू ख्रिस्त, राज्य करणाऱ्यांचा राजा. नाणं उलटं केलं की मागे सम्राट सापडतो, हातात क्रूस धरून उभा. त्याच्या नावापुढचं बिरुद काय, तर ख्रिस्ताचा दास. त्रावणकोरच्या मार्तंड वर्माने १७५० मध्ये राज्य पद्मनाभस्वामीच्या चरणी वाहून स्वतःला पद्मनाभदास म्हणवून घेतलं, ती हकिकत ठाऊक असणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

पण पद्मनाभाला कोणा सुभेदाराने देहदंड दिलेला नव्हता. येशूला दिला होता, आणि तो याच साम्राज्याच्या अधिकाऱ्याने, राजद्रोहाच्या आरोपाखाली. कैसराच्या जागेवर येऊन बसलेला चेहरा हा कैसराच्या शिपायांनी खिळे ठोकून मारलेल्या एका सुताराचा होता. हे घडलं कसं?

क्रूस ही रोमन राजवटीत गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. ती चारचौघांत, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशीच द्यायची, म्हणजे बघणाऱ्यांनी धडा घ्यावा. येशूच्या डोक्यावर रोमन सुभेदार पिलाताने जी पाटी लावली तिच्यावर गुन्हा लिहिला होता: यहुद्यांचा राजा. हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत ती होती, असं शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगतो. त्याआधी शिपायांनी त्याला जांभळा झगा घातला, काट्यांचा मुकुट डोक्यात रुतवला, मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे हातात राजदंड म्हणून बोरू दिला आणि गुडघे टेकून मुजरे केले. राज्याभिषेकाची ही साग्रसंगीत टवाळी होती. पुढच्या ख्रिस्ती वाचकांनी मात्र तोच प्रसंग अस्सल राज्याभिषेक म्हणून वाचला. करणाऱ्यांना ठाऊक नसताना पार पडलेला.

त्या काळात पॅलेस्टाइनमध्ये राजेपणाचा दावा करणारा येशू एकटा नव्हता. सन ७० मध्ये यरुशलेम पडलं तेव्हा सायमन बार गिओरा हा बंडखोर नेता जांभळा झगा पांघरून भुयारातून वर आला. रोमन लोकांनी त्याला रोमला नेऊन विजययात्रेत फिरवलं आणि मारलं. पुढे १३२ मध्ये सायमन बार कोख्बाने बंड केलं. रब्बी अकिवासारख्या मोठ्या पंडिताने त्याला मशीहा, म्हणजे देवाने अभिषेक केलेला राजा मानलं. या पठ्ठ्याने रोमन नाणी गोळा करून सम्राटाच्या तोंडावर आपला ठसा मारला आणि तीच पुन्हा चलनात आणली. १३५ मध्ये तो मारला गेला आणि दावा तिथेच संपला. हिशेब साधा होता. जो मेला तो मशीहा नव्हता. अनुयायांनी घरी जावं, नाहीतर त्याच्या कुळातला दुसरा कोणी शोधावा.

येशूच्या कुळात असा माणूस तयार होता. नव्या करारात ज्याला प्रभूचा भाऊ म्हटलं आहे तो याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होता. सन ६२ च्या सुमारास त्याला ठार करण्यात आलं, तोवर त्याचा शब्द तिथे मानला जाई. राजघराणं चालवायला याहून योग्य माणूस कोण मिळणार? तरीही याकोबाला कोणी मशीहा म्हटल्याची नोंद नाही. या मंडळींच्या लेखी गादी रिकामी झालीच नव्हती.

येशूच्या पुनरुत्थानाविषयीची ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यायची तर इथून घ्यावी, असं मला वाटतं. आत्मा अमर आहे आणि येशूचा आत्माही कुठेतरी आहे, एवढंच म्हणायचं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. अर्ध्या जगाला ते आधीच मान्य होतं. मेलेल्या लाजरला येशूने उठवलं, तशातलाही हा प्रकार नव्हे. लाजर कधीतरी पुन्हा मेलाच असणार. परुशी पंथाच्या यहुद्यांची श्रद्धा होती की काळाच्या शेवटी देव सगळ्या नीतिमानांना सदेह उठवील. शिष्य सांगू लागले ते असं, की शेवटी सगळ्यांचं व्हायचं ते आत्ताच, इतिहासाच्या मध्यात, एका माणसाचं झालं आहे. तो आता मरणार नाही. देह तोच आहे, हातापायांवरचे व्रणही गेलेले नाहीत. थोमा या शिष्याने त्या व्रणांवरूनच त्याला ओळखलं. गुन्हेगार ठरवून मारलेल्याला देवाने उठवलं, याचा अर्थ त्यांनी तत्काळ लावला: वरच्या न्यायालयाने खालचा निकाल फिरवला आहे. पाटीवर टवाळीने लिहिलेला मजकूर खरा होता.

मग हा राजा आहे कुठे? स्वर्गारोहण या शब्दाने बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे निरोपाचं चित्र येतं. ढगात दिसेनासा होणारा गुरू, खाली माना वर करून उभे शिष्य. लूक मात्र सांगतो की शिष्य मोठ्या आनंदाने शहरात परतले. गुरू कायमचा गेला म्हणून कोणी आनंदाने परतत नाही. त्यांच्या दृष्टीने हे सिंहासनारोहण होतं. स्तोत्रसंहितेतल्या ११० व्या स्तोत्रात देव राजाला आपल्या उजव्या हाताशी बसवतो आणि शत्रू पायांखाली येईपर्यंत तिथेच बसायला सांगतो. जुन्या करारातल्या दुसऱ्या कुठल्याही वचनापेक्षा या वचनाकडे नव्या कराराचे लेखक जास्त वेळा वळतात. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमच्या गर्दीपुढे पेत्र या शिष्याने केलेलं भाषण याच वचनावर येऊन टेकतं.

हे बोलणं निरुपद्रवी नाही, हे बाहेरच्यांना लगेच कळलं. थेस्सलनीका शहरात प्रेषित पौलाच्या सोबत्यांवर तक्रार दाखल झाली ती हीच, की हे लोक कैसराच्या हुकमाविरुद्ध येशू नावाचा दुसराच राजा आहे म्हणून सांगतात. शंभरेक वर्षांनी, १५५ च्या सुमारास, स्मर्ना म्हणजे आजच्या इझमीर शहरात पॉलिकार्प या वृद्ध बिशपला क्रीडांगणात उभं केलं. कैसराच्या दैवाची शपथ घे, ख्रिस्ताला शिव्या दे, मोकळा हो, असं अधिकारी सांगत होता. म्हाताऱ्याचं उत्तर असं, की ८६ वर्षं ज्याची चाकरी केली त्या माझ्या राजाने माझं काही वाईट केलेलं नाही, त्याची निंदा कशी करू? त्याला चितेवर चढवून मारलं. पण मला जास्त थक्क करतो तो या हकिकतीचा शेवट. लिहिणाऱ्याने दिवस, महिना, पुरोहित, प्रांताधिकारी असा सगळा तपशील रीतसर दिला आहे. आपल्या ताम्रपटांत अमुक राजाच्या विजयराज्यात असं येतं, तसा पुढे सम्राटाचा उल्लेख अपेक्षित असतो. त्या जागी त्याने लिहिलं की राज्य येशू ख्रिस्ताचं, आणि ते सर्वकाळ. कारकुनी मजकुरातलं हे बंड आहे, आणि तेही इतक्या सहजपणे केलेलं.

या राजाचं वर्णन करताना नवा करार वाचकाला सारखा चकवतो. प्रकटीकरण या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दर्शन पाहणाऱ्या योहानाला सांगितलं जातं की यहुदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. तो वळून बघतो, तर सिंहासनापाशी कोकरू उभं आहे, आणि तेही वधलेलं दिसणारं. सिंह ऐकू येतो आणि दिसतं कोकरू. पुढे सबंध पुस्तकभर राज्य हे कोकरूच करतं.

आता सरळ प्रश्न: राजा राज्य करतो आहे तर दुष्काळ, युद्धं, तान्ह्या मुलांचे मृत्यू चालू कसे? हा प्रश्न पौलाच्याही पुढे होता. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्ताचं राज्य सुरू झालं आहे, पण शत्रू एकेक करून पायांखाली यायचे आहेत, आणि सर्वांत शेवटी नष्ट होणारा शत्रू आहे मरण. म्हणजे ख्रिस्ती माणूस दोन काळांच्या मध्ये राहतो. निर्णायक लढाई झाली, मुलूख अजून पुरता मोकळा झालेला नाही. ज्याला हे पटत नाही त्याला ही पळवाट वाटेल. तसं वाटणं मी गैर मानत नाही. पण शत्रूंच्या यादीत शेवटी रोम, कैसर किंवा परधर्मीय यांचं नाव नाही, मरणाचं आहे, हे मात्र दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावं.

पौल त्याच ठिकाणी पुढे लिहितो की शेवटी पुत्र ते राज्य पित्याच्या हाती सोपवील. चौथ्या शतकात अंकिरा, आजच्या अंकाराचा बिशप मार्सेलस याने यावरून तर्क केला की मग ख्रिस्ताचं राज्य कधीतरी संपणार. केवढी खळबळ उडाली! त्याला पदावरून काढलं आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या श्रद्धासूत्रात त्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, राज्याचा अंत होणार नाही, हे शब्द आले. वसईपासून वॉशिंग्टनपर्यंत रविवारच्या मिस्सात (प्रार्थनाविधीत) आज ते म्हटले जातात. म्हणणाऱ्या किती जणांना अंकाराचा तो बिशप ठाऊक असेल कोण जाणे.

जस्टिनियनचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ख्रिस्ताचा हा दास कमालीचा क्रूर निघाला. ६९५ मध्ये लोकांनी त्याला पदच्युत केलं, नाक कापलं आणि क्रिमियाला हाकललं. त्याच्या जागी आलेल्या लिओन्टियसने नाण्यावरून ख्रिस्ताला काढून स्वतःचं तोंड परत आणलं. ७०५ मध्ये जस्टिनियन नकट्या चेहऱ्याने परतला, ख्रिस्तालाही नाण्यावर परत घेऊन आला, आणि ७११ मध्ये मारला गेला. मग मूर्तिभंजनाचा काळ आला. तो सरल्यावर ८४३ च्या सुमारास सम्राट तिसऱ्या मायकेलने जस्टिनियनच्या पहिल्या नाण्यावरून ख्रिस्ताचा तो चेहरा पुन्हा कोरवून घेतला.

राजाचं नाव घेऊन राज्य करणाऱ्यांचा हा इतिहास फार काही पवित्र नाही. आपल्या गोव्यात १६१६ साली रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, आणि येशूचं मरण आणि पुन्हा उठणं मराठी ओवीत सविस्तर आलं. त्याच गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशनचं न्यायासनही चालू होतं. ओवी रचणारा आणि माणसं छळणारे एकाच राजाचं नाव घेत होते. यातलं कोण त्या राजाशी इमानी होतं, हे ठरवायला वधलेल्या कोकराचं चित्र पुरेसं आहे, असं माझं मत.

ख्रिस्त राजाचा सण मात्र अगदी अलीकडचा, ११ डिसेंबर १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी जाहीर केलेला. पहिल्या महायुद्धात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशियाची सिंहासनं कोसळली होती, तुर्कस्तानची खिलाफतही गेली होती, आणि पोपच्या दारातच मुसोलिनी हुकूमशहा झाला होता. सगळे राजे जात असताना, आणि त्यांच्या जागी त्यांच्याहून भयंकर नेते येत असताना, हा सण आला. दोनच वर्षांत मेक्सिकोत चर्चविरोधी सरकारने मिगेल प्रो या जेझुइट धर्मगुरूला खटला न चालवता गोळ्या घातल्या. हात क्रुसासारखे पसरून, ख्रिस्त राजाचा जयजयकार करत तो उभा राहिला. दहशत बसावी म्हणून सरकारने फोटो काढवले होते. लोकांनी ते पवित्र चित्रांसारखे जपले. १९३४ मध्ये जर्मनीतल्या बार्मेनला जमलेल्या प्रोटेस्टंट मंडळींनी, ज्यांच्यात कार्ल बार्थ प्रमुख होता, नाझींच्या तोंडावर सांगितलं की जीवनाचं कुठलंही क्षेत्र ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या धन्याच्या मालकीचं नाही.

ख्रिस्त राजाचा हा सण आता नाताळपूर्व आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी, २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवशीची शुभवर्तमानाची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. एका वर्षी पिलातापुढे बांधून उभा केलेला येशू असतो. एका वर्षी सिंहासनावरून भुकेल्यांचा आणि तुरुंगातल्यांचा हिशेब मागणारा राजा असतो. तिसऱ्या वर्षी थेट क्रूस, ती पाटी आणि शेजारच्या क्रुसावरून तुझ्या राज्यात माझी आठवण ठेव म्हणणारा गुन्हेगार. २०२५ मध्ये सणाला १०० वर्षं झाली तेव्हा पाळी नेमकी या तिसऱ्या वाचनाची होती. कुतूहल असेल तर येत्या नोव्हेंबरात वसईच्या एखाद्या चर्चमध्ये मराठी मिस्साला मागच्या बाकावर जाऊन बसा आणि राजाच्या सणाला काय वाचतात ते स्वतःच्या कानांनी ऐका.