पायांचा पावसाळा

उल्हास नदीने १७.५० मीटरची धोक्याची पातळी गाठली की बदलापुरात नदीकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. काळजी असते ती गाडीची, फ्रिजची, धान्याची. पायांची आठवण होते ती पाणी ओसरल्यावर. २००५ पासूनचे इथले पूर आठवताना मला मात्र आधी पायच आठवतात.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद सगळ्यांना पाठ आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे हाल त्यामानाने कमी सांगितले गेले. लोकल ठप्प झाल्या, चाकरमाने रुळांवरून चालत निघाले. उल्हासनगरात वालधुनी नदीचं पाणी घरात शिरलं की ते नुसतं पावसाचं कधीच नसतं. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी त्यात मिसळलेलं असतं. त्या वर्षी पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदरांच्या आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातले हे जंतू पायावरच्या बारीकशा चिरेतूनही आत शिरतात. अशा पाण्यातून चालून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, असं मुंबईची महापालिका आता पावसाळ्यात बजावत असते.

बारवी धरणाकडच्या खाचरांत आवणी करणाऱ्या बायांना भिजल्या पायांचं दुखणं पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. डोक्यावर इरलं असलं तरी पाय दिवसभर चिखलातच. संध्याकाळी तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले. करंगळीच्या बेचक्यातली कातडी बोट लावताच सुटते. या चिखल्यांवर रात्री वाटलेली मेंदी लावायची, सकाळी पुन्हा खाचरात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या ब्रिटिश सैनिकांना रोज मोजे बदलण्याची सक्ती झाली, ती अशाच भिजून सडणाऱ्या पायांपायी. तिथे थंडी होती. पण पाणी कोमट असलं तरी दोन-तीन दिवसांत पाय निकामी होतात, हे व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने पाहिलं.

पाय झाकले की सुटले, असंही नाही. थंड समुद्रात पाणी आत येऊ न देणारा ड्रायसूट घालून उतरणारे पाणबुडेही पायांना फार जपतात. उभं राहिलं की पाण्याच्या दाबाने सूटमधली हवा वर सरकते, पायाशी ऊब धरायला काही उरत नाही. त्यात मोजे दाटून घातले तर रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गारठतात. आपल्या गमबुटाची खोड निराळी : पाणी एकदा वरून आत गेलं की ते तिथेच राहतं, आणि पाय तासन् तास भिजत राहतो.

२७ जुलै २०१९ च्या पहाटे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासचे गावकरी धावले. हजारावर प्रवासी दुपारपर्यंत सुखरूप बाहेर आले. त्या दिवसाचा अभिमान आजही वाटतो. पुढे जुलै २०२१ मध्ये बदलापुरात पुन्हा पाणी आलं.

सुटका करायला आपण शिकलो, हे खरंच. नंतरच्या आठवड्याचं काय? मदतीच्या पिशवीत तांदूळ-डाळीबरोबर एक कोरडा पंचा, मोज्यांचे दोन जोड आणि बुरशीवरची पावडर हवी. आणि गाळ उपसणाऱ्या सफाई कामगारांना गुडघ्यापर्यंतचे, ज्याच्या त्याच्या मापाचे गमबूट हवेत; बायकांच्या मापाचेसुद्धा, आणि जूनच्या आधी.