विलॅमेटकाठचा गोल तंबू

घरात एखाद्यालाच रानात झोपायची हौस असते. बाकीच्यांना पाठदुखी, पाऊस, अंधार आणि रात्री बाथरूमला कुठे जायचं याची काळजी. त्यामुळे बेत ठरतो, चार दिवस चर्चा होते आणि शेवटी हॉटेलची खोली घेतली जाते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या ओरेगॉन राज्याच्या उद्यान खात्याने हा तिढा तीस वर्षांपूर्वी सोडवला. त्यासाठी त्यांनी वापरला युर्ट, म्हणजे मध्य आशियातल्या भटक्या पशुपालकांचा गोल तंबू.

पोर्टलंडच्या दक्षिणेला, तासाभराच्या आत, विलॅमेट नदीच्या काठी शॅम्पूई नावाचं राज्य वारसा उद्यान आहे. तिथल्या कॅम्पग्राउंडवर साध्या तंबूंच्या आणि आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांच्या जागांबरोबर हे युर्टही आहेत. व्यास 16 फूट, मधली उंची 10 फूट, म्हणजे आत जेमतेम 200 चौरस फूट जागा. त्यात बंकबेड, उघडून पलंग होणारा सोफा, दिवा, विजेचा हीटर आणि कुलूप लागणारं दार. पाच माणसं झोपतात. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं. आत स्वयंपाक करायचा नाही. त्यासाठी बाहेर लाकडी टेबल आणि शेकोटीचं कडं आहे. शौचालय आणि गरम पाण्याची आंघोळ चार पावलांवर, सगळ्यांसाठी सामाईक.

बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची तिरपी जाळी, जिथे पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे सांध्यावर फिरेल अशी जोडलेली. ती मिटवली की गठ्ठा होतो, ओढली की पसरते. भिंतीच्या माथ्यावरून पोलादी तार गोल फिरवलेली असते. छपराचे वासे एका टोकाला या तारेवर टेकतात, दुसऱ्या टोकाला मधल्या लाकडी कड्यात शिरतात. छपराचं वजन वाशांना खाली आणि बाहेर रेटतं. वर ते कड्याला चहूबाजूंनी दाबून धरतात, खाली भिंतीला बाहेर लोटू पाहतात आणि तार त्यांना आवळून ठेवते. कडं दाबलं जातं, तार ताणली जाते आणि या दोघांच्या ओढाताणीत मधे खांब न लावता घर उभं राहतं. मंगोलियात या तारेचं काम विणलेले पट्टे आणि दोर करतात, आणि वर लोकरीचा नमदा असतो. इथे नमद्याच्या जागी विनाइलचा थर दिलेलं जाड कापड आहे आणि कड्यावर पारदर्शक घुमट. रात्री पलंगावर पडलं की नजर आपोआप वाशांवरून त्या घुमटाकडे जाते. ढग नसले तर तारे दिसतात. ढग असले तर पावसाचा थेंबन् थेंब कापडावर ऐकू येतो, आणि अंगावर मात्र एकही पडत नाही.

मंगोलियातून इथवरचा प्रवासही सरळ नाही. 1962 साली नॅशनल जिऑग्राफिक मासिकात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचा मंगोलियावर लेख आला. तो वाचून बिल कॉपरथ्वेट या शिक्षकाला या घराने झपाटलं आणि त्याने अमेरिकेत लाकडी युर्ट बांधायला, लोकांना बांधायला शिकवायला सुरुवात केली. पुढे 1978 साली ओरेगॉनमधल्याच कॉटेज ग्रोव्ह या गावात अ‍ॅलन बेअर यांनी कापडी युर्टचा कारखाना काढला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला उद्यान खात्यापुढे प्रश्न होता हिवाळ्याचा. पावसाळी महिन्यांत कॅम्पग्राउंड ओस पडायचे. 1994 साली खात्याने किनाऱ्यावरच्या केप लुकआउट उद्यानात युर्ट उभारले. ते भरू लागले, तसे मग राज्यभरातल्या इतर उद्यानांतही आले.

हिवाळ्याचा प्रश्न समजायला इथला पाऊस समजायला हवा. पोर्टलंडला वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या निम्मासुद्धा नाही. पण तो कोसळत नाही, नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत रिमझिमतो, आणि थंडीत रिमझिमतो. अशा हवेत ओल्या जमिनीवर तंबू ठोकायला हौसही कडवी लागते. युर्टमुळे ही उद्यानं बारमाही झाली. खात्याला त्याची गरजही होती: ओरेगॉनच्या उद्यानांचा खर्च भागतो तो मुक्कामाच्या शुल्कातून, आरव्हीच्या नोंदणीतून आणि राज्य लॉटरीच्या वाट्यातून. लॉटरीतला हा वाटा 1998 साली मतदारांनीच राज्याच्या घटनेत लिहून घेतला.

याच खात्याचे पहिले अधीक्षक सॅम्युएल बोर्डमन यांना उद्यानात रात्रीचा मुक्काम मुळीच मान्य नव्हता. 1929 ते 1950 या काळात त्यांनी जमिनी मागून, विकत घेऊन, लोकांच्या गळी पडून उद्यानांचं जाळं उभं केलं. माणसांनी दिवसा यावं, पाहावं आणि संध्याकाळी घरी जावं, असा त्यांचा आग्रह. मुक्कामाचे कॅम्पग्राउंड त्यांच्यानंतर आले. बोर्डमन यांची भीती खोटी नव्हती. सोयी वाढत गेल्या की रानाचं रिसॉर्ट होतं, हे आज जगभर दिसतं. खासगी ग्लॅम्पिंगमध्ये, म्हणजे चैनीच्या तंबूमुक्कामात, रात्रीला शेकडो डॉलर मोजून लोक झुंबराखाली झोपतात. युर्टचं भाडं हॉटेलच्या खोलीपेक्षा बरंच कमी असतं, आणि आत मुद्दामच इतकं थोडं ठेवलंय की माणूस खोलीत रमत नाही. चहा प्यायचा तर बाहेर यावं लागतं. खात्याच्या या कंजुषीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शॅम्पूईला बाहेर यावं असं पुष्कळ आहे. ही भूमी मूळची कालापुया लोकांची. गवताळ माळ जाळून राखायचे आणि कॅमास या रानफुलाचे कंद खणायचे, ही त्यांची रीत. 1830च्या दशकात हिवतापाच्या साथीने त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या. मागोमाग आलेल्या वसाहतकऱ्यांनी 2 मे 1843 रोजी इथेच जमून, थोडक्या मताधिक्याने, स्वतःचं हंगामी सरकार स्थापन करायचं ठरवलं. नदीकाठी गाव वसलं. डिसेंबर 1861च्या महापुरात नदी सुमारे 55 फूट चढली आणि ते गाव वाहून गेलं. पुढे ते कायमचं ओस पडलं. आज तिथे कुरण आहे.

विलॅमेट दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, लांबी सुमारे 300 किलोमीटर, आणि इथे ती खोल आणि संथ आहे. कयाक घेऊन उतरणाऱ्यांना हा पट्टा सोयीचा. एके काळी कागद गिरण्या आणि शहरांच्या सांडपाण्याने तिची गटारगंगा झाली होती. 1962 साली टॉम मकॉल या पत्रकाराने त्यावर माहितीपट केला. पुढे तोच गव्हर्नर झाला आणि नदी साफ करण्याचं काम त्याने नेटाने रेटलं. काठाकाठाने सायकलची वाट आहे. ती ब्यूटव्हिलकडे जाते, तिथे 1863 सालचं जुनं दुकान आहे.

पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोत इंटेलमध्ये आणि आसपासच्या कंपन्यांत काम करणारी पुष्कळ मराठी कुटुंबं या भागात राहतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आई-वडील येतात. सत्तरीच्या माणसाला जमिनीवर, स्लीपिंग बॅगमध्ये झोपवणं बरं नाही. युर्टमध्ये पलंग आहे, काही युर्टना व्हीलचेअर जाईल असा उतारही आहे. ज्यांनी आयुष्यात कधी रानात रात्र काढली नाही, त्यांना ती काढता यावी, हीच या गोल घराची खरी कामगिरी.

आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार हातोहात जातात. म्हणून माझं ऐका, हिवाळ्यातला मधला वार निवडा. उशा, चादरी आणि एक जादा ब्लँकेट न्या. हीटर आहे, पण बाथरूमपर्यंतची वाट थंड असते.