वृद्धाश्रमाची तपासणी : काय पाहावे, कसे पाहावे



इस्लापूरसारख्या गावी वसंत व्याख्यानमालेत वृद्धाश्रमाच्या तपासणीवर बोलायचे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. सहस्रकुंडाच्या शेजारी राहणाऱ्या आणि शेती-जंगलाच्या आधाराने जगणाऱ्या या भागात म्हातारी माणसे घरातच असतात, अशी आपली समजूत आहे आणि ती बरीचशी खरीही आहे. पण मुले पुण्याला, हैदराबादला नोकरीस गेली, काही घरची माणसे हंगामात कामासाठी परमुलखात गेली, की गावात मागे कोण उरते, हे मी आपणांस सांगायला नको. आज ना उद्या यांपैकी काहींना कोणत्या तरी संस्थेच्या दारी जावे लागते. त्या संस्थेच्या भिंतीआड त्यांची निगा नीट राखली जाते की नाही, हे कोणी आणि कसे पाहावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करू. इंग्रजी मुलखात 'नर्सिंग होम' म्हटले म्हणजे जिथे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची कायमची शुश्रूषा होते ते घर. आपल्याकडे याच शब्दाचा अर्थ डॉक्टरांचा खाजगी दवाखाना असा झाला आहे. मुंबई प्रांताने १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. त्या वेळी हा किनवटचा भाग हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो १९५६ साली नांदेडला जोडला गेला. त्या कायद्याच्या व्याख्येत आजारी व जखमी यांच्याबरोबर दुर्बल माणसांचाही उल्लेख आहे. पण व्यवहारात तो दवाखान्यांचा आणि प्रसूतिगृहांचाच कायदा राहिला. वृद्धाश्रम मात्र समाजकल्याण खात्याकडे गेले. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना साहाय्य देण्याची योजना १९६३ सालची, मातोश्री वृद्धाश्रमांची योजना १९९५ सालची. पुढे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा केंद्रीय कायदा झाला आणि २०१० साली आपल्या राज्याने त्याचे नियम केले.

या विभागणीचा परिणाम असा, की दवाखान्याकडे पाहणारा डॉक्टरी नजरेने पाहतो आणि वृद्धाश्रमाकडे पाहणारा हिशेबी नजरेने. वृद्धाश्रमात जाताना चालत गेलेला माणूस चार-पाच वर्षांनी अंथरुणावर पडतो. त्या दिवसापासून त्याला शुश्रूषा हवी असते. आश्रमाची नोंद मात्र निवासाची संस्था म्हणूनच राहते. मग तपासणारा खोल्या मोजतो, पावत्या पाहतो, आणि ज्याची तपासणी व्हायला हवी तो माणूस कोपऱ्यातल्या खाटेवर तसाच राहतो.

हे मी कोणावर टीका करण्यासाठी सांगत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आश्रमाला भेट देणाऱ्या समितीत माझी नेमणूक झाली होती. आम्ही येणार हे आठ दिवस आधी कळविले होते. अंगणात सडा-रांगोळी होती, खाटांवर कोऱ्या चादरी होत्या, दप्तर चोख होते. तेथे माझे शाळेतले एक गुरुजी मला भेटले. मी व्यवस्थापकांसमक्ष त्यांना विचारले, "गुरुजी, काही त्रास नाही ना?" ते म्हणाले, "काही नाही बाबा, सगळं ठीक आहे." मी शेरेबुकात 'व्यवस्था समाधानकारक' असे लिहून सही केली आणि चहा घेऊन निघालो.

महिन्याभराने त्याच गावी दुसऱ्या कामासाठी गेलो असता, सहज म्हणून संध्याकाळी गुरुजींना भेटायला गेलो. या वेळी बरोबर कोणी नव्हते. खोलीत शिरताच वास आला. चादर बाजूला केली, तर कमरेखाली माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. एवढी जखम चार-आठ दिवसांत होत नाही. मी म्हटले, "गुरुजी, त्या दिवशी का नाही सांगितलंत?" त्यावर ते म्हणाले, "अरे, तू विचारलंस तेव्हा ते शेजारी उभे होते. तू गाडीत बसून जाणार. रात्री पाणी मला त्यांच्याच हातचं प्यायचं आहे."

गुरुजी त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. शेरेबुकातला तो शेरा माझ्या अक्षरात आहे. तेव्हापासून तपासणी म्हणजे काय, याचा मी विचार करू लागलो.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड-वेल्समधील १७३ वृद्धगृहे पाहून १९६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कायदा नवा झाला तरी जुन्या दरिद्रालयांच्या इमारतीत आणि जुन्याच रीतीने म्हातारी माणसे ठेवलेली आहेत, हे त्याने दाखवून दिले. अमेरिकेत १९६६ साली अवेदिस डोनाबेडियन यांनी वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन अंगांनी पाहावी असे मांडले : साधने काय आहेत, काम कसे चालते, आणि शेवटी माणसाचे काय झाले. आपल्या तपासण्या बहुधा पहिल्या अंगाशीच थांबतात. खाटा किती, खोल्या किती, पंखे किती. साधने हवीतच, पण घागर असणे वेगळे आणि तहानलेल्याच्या ओठांपर्यंत पाणी पोचणे वेगळे.

तेव्हा आता प्रत्यक्ष काय पाहावे ते सांगतो. यासाठी डॉक्टरच असले पाहिजे असे नाही. ज्याने घरात आजारी माणूस सांभाळला आहे, त्याला यातले बहुतेक कळेल.

पहिली गोष्ट त्वचा. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याच्या माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर शरीराचा भार पडतो. तेथले रक्त वाहायचे थांबते आणि काही तासांतच कातडी मरू लागते. म्हणून अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा प्रघात आहे. सुरुवातीला फक्त लाली दिसते. बोटाने दाबून सोडल्यावर निरोगी कातडी पांढरी होऊन पुन्हा लाल होते. ही लाली दाबूनही जात नाही. आपल्या सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तेथे हात लावून पाहावे. जागा गरम, टणक किंवा हुळहुळी लागते. तपासणाऱ्याने, त्या माणसाची परवानगी घेऊन आणि आडोसा करून, अंथरुणावरच्या प्रत्येकाची पाठ पाहिलीच पाहिजे. स्त्रियांची पाठ स्त्रीनेच पाहावी.

दुसरी गोष्ट वजन. आश्रमात वजनकाटा आहे का आणि दरमहा वजन लिहिले जाते का, हे विचारावे. महिन्यात शंभरास पाच, किंवा सहा महिन्यांत शंभरास दहा या प्रमाणात वजन आपोआप उतरले, तर ती धोक्याची खूण मानतात. पन्नास किलोच्या म्हातारीचे महिन्यात अडीच किलो कमी झाले, तर तिच्या पोटात अन्न जात नाही किंवा तिला आजार आहे. ताटात भाकरी वाढली एवढ्याने भागत नाही. तोंडात दात नाहीत आणि पुढे कडक भाकरी आहे, तर ती तशीच परत जाते. म्हणून जेवणाच्या वेळी जावे आणि वाढलेली ताटे पाहण्याऐवजी उचललेली ताटे पाहावीत. भाकरी वरणात कुस्करून कोणी देते का, ज्याचा हात थरथरतो त्याला भरवायला कोणी बसते का, हे तेव्हाच कळते.

तिसरी गोष्ट पाणी. उतारवयात तहान कमी लागते. त्यातून रात्री उठवायला कोणी येणार नाही या भीतीने माणसे मुद्दाम पाणी टाळतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याचा परिणाम काय होतो, हे सांगायला नको. ओठ आणि जीभ कोरडी आहे का, तांब्या हाताशी आहे का, आणि हाक मारल्यावर माणूस किती वेळाने येतो, हे पाहावे.

चौथी गोष्ट औषधे. कोणाला कोणती गोळी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून दिली, याची नोंद हवी. विशेष पाहायचे ते झोपेच्या गोळ्यांचे. रात्री माणसे कमी असली, की ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला गोळी देऊन गप्प करण्याचा मोह होतो. गोळीच्या गुंगीत माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि मग तो उठत नाही. म्हणून पडण्याच्या घटनांची वही मागावी. वर्षभरात एकही नोंद नसेल, तर कोणी पडले नाही असे समजण्याची घाई करू नये. बहुधा वहीच लिहिली जात नाही. कोणाला खाटेला बांधून तर ठेवत नाहीत ना, हेही मनगटे पाहून तपासावे.

पाचवी गोष्ट रात्र. दिवसा हजेरीपटावर आठ नावे असतात. रात्री किती माणसे जागी असतात? निगेची खरी परीक्षा रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात होते. आणि जी आया ही सेवा करते, तिला पगार किती व वेळेवर मिळतो का, सुट्टी मिळते का, हेही विचारावे. चाळीस माणसांचे मलमूत्र एकटीने काढणाऱ्या बाईकडून प्रेमळ शब्दांची अपेक्षा करणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

सहावी गोष्ट माणसाशी बोलणे. ते एकांतात झाले पाहिजे आणि त्याच्या भाषेत झाले पाहिजे. या भागात गोरमाटी बोलणारी, गोंडी बोलणारी, तेलुगू बोलणारी माणसे आहेत. वयाबरोबर स्मृती क्षीण झाली, की पुष्कळदा मायबोलीच तेवढी उरते. 'त्रास आहे का' असे विचारले तर उत्तर 'नाही' असेच येणार. त्याऐवजी काल रात्री काय जेवलात, शेवटची आंघोळ कधी झाली, रात्री लघवीला लागली तर काय करता, असे साधे प्रश्न विचारावेत. आणि बोलणाऱ्यावर पुढे राग निघणार नाही, याची काळजी म्हणून एकाशीच न बोलता अनेकांशी बोलावे.

हे सारे करायचे, तर भेट न कळविता झाली पाहिजे. अमेरिकेत १९८७ च्या सुधारणा कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहांची तपासणी अघोषित असावी आणि दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, असे ठरविले. इंग्लंडमध्ये २००९ पासून जो आयोग हे काम करतो, तो आपले अहवाल लोकांपुढे ठेवतो. कोणीही ते वाचू शकतो. या दोन्ही देशांत निगेची हेळसांड संपली असे मुळीच नाही. पण तेथे निदान मुलाला आपल्या आईला कोठे ठेवावे हे ठरविण्यापूर्वी काही वाचता येते. आपल्याकडचा शेरा शेरेबुकात राहतो आणि शेरेबुक कपाटात.

आपल्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक आश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची कल्पना आहे आणि आश्रमांचा दर्जा ठरविण्याचे काम राज्य सरकारकडे दिलेले आहे. त्याच कायद्याने साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीला स्वतःचे पोट भरता येत नाही, तिला मुलांकडून चरितार्थ मागता येतो. त्यासाठी उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरण आहे. पोटगीचा निकाल लागू शकतो. पण पाठीवरची जखम न्यायाधिकरणाला दिसत नाही. ती पाहायला कोणी तरी जावेच लागते.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. फार कडक तपासणी केली तर चांगल्या हेतूने चालविलेल्या गरीब संस्था बंद पडतील आणि आहे तो आसराही जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच तपासणी म्हणजे धाड नव्हे. दोष दाखविताना तो दूर कसा होईल हेही सांगावे, मुदत द्यावी, आणि मुदतीनंतर पुन्हा जाऊन पाहावे. कूस बदलायला पैसे लागत नाहीत, शिकवावे लागते. वजनकाट्याची किंमत आश्रमाच्या एका समारंभाच्या खर्चाहून कमी असते. मात्र जेथे माणसाला बांधून ठेवले जाते किंवा मारले जाते, तेथे मुदतीचा प्रश्नच येत नाही.

शेवटी आपल्या गावाकडे येतो. आपण कोणत्याही समितीवर नसाल. पण आपल्या ओळखीचे कोणी आश्रमात असेल, तर त्याला वारंवार आणि अवेळी भेटायला जाणे ही आपल्या हातातली तपासणी आहे. ज्याच्याकडे कोणी तरी येते, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. आणि हेच प्रश्न आपण आपल्या घरालाही विचारावेत. ओसरीवरच्या खाटेवर पडलेल्या आजीची पाठ शेवटची कोणी पाहिली? तिचा तांब्या हाताशी आहे का? ती एकटी असताना तिच्याशी कोणी बोलते का? ज्या सुनेवर किंवा लेकीवर हा सारा भार आहे, तिला रात्रीची झोप मिळते का?

मी गुरुजींना जो प्रश्न विचारला, तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसासमोर विचारला. आपण आज घरी गेल्यावर तो नीट विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.